हक्क शिकवायला जाण्यापूर्वी



माजी विद्यार्थी शिफारसपत्र मागतात ते बहुधा नोकरीसाठी किंवा पुढील शिक्षणासाठी. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेली विनंती यांपैकी कोणत्याच प्रकारात बसणारी नव्हती. मूळची वसईची, मराठी विषय घेऊन पदवी मिळवलेली आणि आता कॅनडात स्थायिक झालेली माझी एक विद्यार्थिनी तिच्या चर्चच्या युवक गटाबरोबर दोन आठवड्यांसाठी ग्वाटेमालाला निघाली होती. तेथील पश्चिमेकडच्या डोंगराळ प्रदेशात, माया समाजाच्या खेड्यांमध्ये चालणाऱ्या मानवी हक्कांच्या शिक्षणाला स्वयंसेवक म्हणून हातभार लावावा, असा त्या प्रवासाचा हेतू होता. अर्जात ‘भाषिक क्षमता’ असा एक रकाना होता. तिने लिहिले होते, “मॅडम, भाषाविज्ञान मला तुम्ही शिकवलंत, म्हणून पत्र तुमच्याच सहीचं हवं.”

ते पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. मुलगी गुणी आहे, तिच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. अडचण होती ती त्या एका रकान्याची. तिला इंग्रजी उत्तम येते, मराठी येते, घरची सामवेदी बोली येते, हिंदी येते. स्पॅनिश येत नव्हती. आणि ज्या खेड्यांत ती जाणार होती तेथील लोकांची भाषा कोणती, हे तिला ठाऊक नव्हते. मी विचारले तेव्हा तिने चौकशी करून कळवले की गटातील कोणालाच ते ठाऊक नाही. प्रस्तुत लेखात मी माझे एक मत तुमच्यापुढे मांडणार आहे. हक्कांचे शिक्षण देण्यासाठी परक्या समाजात जाणाऱ्याची पहिली पात्रता ऐकता येणे ही असते. ती नसेल तर त्याची सदिच्छा त्या समाजाच्या उपयोगी पडत नाही, प्रसंगी त्याला अपायही करते.

प्रथम शब्दांकडे पाहू. मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमात सर्व ‘पुरुष’ असाही अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द होता. तो बदलून सर्व ‘मानव’ असा अर्थ देणारा शब्द यावा म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तो मान्य झाला. एका शब्दाने अर्धी मानवजात आत येते किंवा बाहेर राहते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही. आज हा जाहीरनामा पाचशेहून अधिक भाषांत उपलब्ध आहे. परंतु भाषांतर झाले म्हणजे अर्थ पोहोचला, असे समजणे धाडसाचे ठरेल.

मराठीचेच पाहा. आपल्याकडे यासाठी दोन शब्द रूढ आहेत, ‘हक्क’ आणि ‘अधिकार’. ‘हक्क’ हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला शब्द. सत्य, न्याय्य, देय असलेले, असे त्याचे मूळ अर्थ. वतनदारीच्या कागदपत्रांतून तो मराठीत मुरला आणि पुढे घरातही शिरला. म्हणून आपण ‘हक्काचे माणूस’ म्हणतो, ‘हक्काने मागितले’ असे म्हणतो. ‘अधिकार’ या संस्कृत शब्दाचा प्रवास निराळा आहे. त्यात पात्रतेचा अर्थ आहे, सत्तेचाही आहे. वेदाध्ययनाचा अधिकार कोणाला आणि कोणाला नाही, या वादात हा शब्द शतकानुशतके माणसांना बाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला. आजही खेड्यातील माणसाला ‘अधिकार’ म्हणताच प्रथम ‘अधिकारी’ आठवतो. ‘मानवी हक्क’ आणि ‘मानवाधिकार’ हे शब्दकोशात समानार्थी असले, तरी ऐकणाऱ्याच्या मनात ते समान असतीलच असे नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर मेळघाटातील एका गावात होते. तेथे मी स्त्रियांसमोर त्यांच्या अधिकारांविषयी अर्धा तास बोलले. माझी मराठी सोपी होती, निदान मला तसे वाटत होते. स्त्रिया शांत बसून ऐकत होत्या, माना डोलवत होत्या. मी समाधानाने खाली बसले. मग गावातील अंगणवाडी सेविका जवळ येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, बायांना वाटून राहिलं की नवीन अधिकारी येणार आहे. कोणते कागद आणायचे, असं विचारतात.” त्या स्त्रियांची भाषा कोरकू होती. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे कौटुंबिक नाते नाही. भाषाविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या बाईने हे वर्गात अनेकदा शिकवले होते आणि त्या अर्ध्या तासात ते विसरले होते. डोलणाऱ्या मानांना मी आकलन समजले, त्या वस्तुतः सौजन्याच्या होत्या. माझ्या भाषणातून त्यांच्या हाती काही पडले असेल तर ते कागदपत्रांचे नवे ओझे.

आता ग्वाटेमालाकडे वळू. या देशाची राज्यकारभाराची भाषा स्पॅनिश. परंतु तेथे माया कुळातील बावीस भाषा बोलल्या जातात. किचे, माम, काक्चिकेल, केक्ची या त्यांतील मोठ्या, तर इशिल ही तुलनेने लहान. १९६० ते १९९६ या काळात हा देश यादवी युद्धात होरपळला. युद्धोत्तर सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि ज्यांची पूर्ण ओळख पटली अशा बळींपैकी ८३ टक्के माया समाजाचे होते. ज्यांच्यावर सर्वाधिक अत्याचार झाले त्यांची भाषा न्यायालयाची, पोलिसांची, शाळेची नव्हती, हा योगायोग मानता येत नाही. पुढे नोबेल शांतता पुरस्काराने सन्मानित झालेल्या रिगोबेर्ता मेंचू या किचे स्त्रीने स्पॅनिश शिकली ती मोठेपणी, आपल्या लोकांचे म्हणणे जगापुढे मांडता यावे म्हणून.

या देशात चर्चने काय केले, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. ४ फेब्रुवारी १९७६ रोजी ग्वाटेमालात भीषण भूकंप झाला आणि सुमारे तेवीस हजार माणसे दगावली. मदतकार्यासाठी कॅलिफोर्नियातील एका चर्चचे स्वयंसेवक तेथे आले. त्यांनी घरे उभारायला मदत केली आणि ‘एल वेर्बो’ नावाची मंडळीही स्थापन केली. जनरल एफ्राईन रिओस मोन्त या मंडळीचे सदस्य झाले. २३ मार्च १९८२ रोजी त्यांनी उठावातून सत्ता हाती घेतली. त्यांच्या सतरा महिन्यांच्या राजवटीत इशिल प्रदेशातील गावेच्या गावे जाळली गेली. भूकंपानंतर विटा वाहणाऱ्या तरुण स्वयंसेवकांना यासाठी जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. तरीही, ज्या समाजाची रचना आपल्याला वाचता येत नाही तेथे केलेले काम शेवटी कोणाच्या हाती बळ देईल हे आपल्याला कळत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावाच लागतो.

दुसरी घटना बिशप हुआन हेरार्दी यांची. ते ग्वाटेमालाचेच. केक्ची भाषकांच्या प्रदेशात बिशप असताना त्यांनी लोकांच्या भाषेतील उपासनेला प्रोत्साहन दिले. पुढे किचे प्रांतात धर्मगुरू आणि धर्मशिक्षक मारले जाऊ लागले, तेव्हा १९८० मध्ये त्यांना तेथील धर्मप्रांत बंद करावा लागला. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी चर्चच्या वतीने ऐतिहासिक स्मृती गोळा करण्याचा प्रकल्प हाती घेतला. गावोगावच्या लोकांतूनच कार्यकर्ते निवडून त्यांना प्रशिक्षण दिले गेले आणि त्यांनी हजारो साक्षी नोंदवल्या, त्यांतील बहुसंख्य माया भाषांत. ‘पुन्हा कधीही नको’ या अर्थाचे शीर्षक असलेला चार खंडांचा अहवाल २४ एप्रिल १९९८ रोजी राजधानीच्या कॅथीड्रलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी हेरार्दी यांचा त्यांच्या निवासस्थानी खून झाला. २००१ मध्ये या खुनाबद्दल लष्कराशी संबंधित तिघांना आणि एका धर्मगुरूला शिक्षा झाली.

मानवी हक्कांच्या शिक्षणाचे मला माहीत असलेले हे अत्यंत थोर उदाहरण आहे, आणि त्यात व्याख्यान कोठेच नाही. एखादी किचे किंवा इशिल स्त्री आपल्याच भाषेत, आपल्याच गावच्या माणसासमोर घडले ते सांगते. ते लिहून घेतले जाते. जे आपल्यावर गुदरले ते नशीब नव्हते, गुन्हा होता, हे त्या सांगण्यातून तिच्यापुढे उभे राहते. २०१३ मध्ये रिओस मोन्त यांच्यावरील वंशसंहाराच्या खटल्यात इशिल स्त्रीपुरुषांनी न्यायालयात आपल्या भाषेत साक्षी दिल्या आणि दुभाष्यांनी त्या स्पॅनिशमध्ये आणल्या. १० मे रोजी न्यायालयाने जनरलना दोषी ठरवले. दहाच दिवसांनी संविधानविषयक न्यायालयाने प्रक्रियेच्या मुद्द्यावर तो निकाल रद्द केला, आणि फेरखटला चालू असतानाच २०१८ मध्ये ते वारले. निकाल टिकला नाही. परंतु देशाचा माजी सत्ताधीश कानाला यंत्र लावून इशिल शब्दांचे भाषांतर ऐकत बसला, हे दृश्य त्या लोकांच्या स्मरणातून कोणालाही रद्द करता येणार नाही.

मग बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकाला येथे काही स्थान आहे की नाही? या प्रश्नाला आजवर मिळालेले अत्यंत कठोर उत्तर इव्हान इलिच यांचे आहे. ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते आणि मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे परदेशी मिशनऱ्यांना व स्वयंसेवकांना स्पॅनिश शिकवणारी संस्था चालवत. एप्रिल १९६८ मध्ये सुटीत मेक्सिकोतील खेड्यांत सेवा करू पाहणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर त्यांना बोलावण्यात आले. तुमच्या सदिच्छा तुमच्याजवळच ठेवा, या आशयाचे भाषण त्यांनी केले. पाहायला या, अभ्यासाला या, परंतु मदत करायला येऊ नका, असे त्यांचे सांगणे होते. ज्यांच्याशी तुम्हांला बोलताही येत नाही त्यांचे भले कशात आहे हे तुम्ही ठरवणार कसे, असा त्यामागचा सवाल होता.

इलिच यांचे म्हणणे मला बहुतांशी पटते. पूर्णतः मात्र नाही. मतभेदाचे कारण पुन्हा ग्वाटेमालाच आहे. युद्धकाळात मेक्सिकोत आश्रय घेतलेल्या हजारो माया निर्वासितांनी परतण्याच्या अटींविषयी सरकारशी वाटाघाटी केल्या आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये करार झाला. परतीच्या वाटेवर आणि नंतरही परदेशी सोबती बरोबर असावेत, ही त्यांची एक मागणी होती. जानेवारी १९९३ मध्ये पहिला मोठा जथा निघाला, तेव्हा अनेक देशांतील स्वयंसेवक त्यांच्याबरोबर होते. त्यांत चर्चच्या गटांतून आलेलेही होते. हे सोबती काही शिकवत नव्हते. ते तेथे असत, पाहत आणि पाहिलेले आपापल्या देशात सांगत. परदेशी डोळ्यांसमोर बंदूक उचलणे शासनाला महाग पडते, हे त्या निर्वासितांचे गणित होते आणि स्वयंसेवक त्या गणितातील एक संख्या होते. बोलावणारे गावकरी, काय करायचे हे ठरवणारेही गावकरीच. परक्या माणसाची सोबत अशी असू शकते, ही शक्यता इलिच यांच्या भाषणात उरत नाही.

दुसरे उदाहरण अधिक शांत आहे आणि भाषेच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचे. ग्वाटेमालाला लागून असलेल्या मेक्सिकोच्या चियापास राज्यात तोजोलाबाल ही माया कुळातील भाषा बोलली जाते. बर्लिनमध्ये जन्मलेले कार्लोस लेन्कर्सडॉर्फ १९७० च्या दशकात तेथे गेले, त्या लोकांत राहिले, त्यांची भाषा शिकले आणि तिचा शब्दकोश तयार केला. त्यांनी नोंदवलेली एक वाक्यरचना पाहा. आपण म्हणतो, ‘मी तुम्हांला सांगितले.’ येथे सांगणारा कर्ता आहे, ऐकणाऱ्याच्या वाट्याला केवळ ‘ला’ हा प्रत्यय आला आहे. तोजोलाबाल भाषक हीच गोष्ट ‘मी बोललो, तुम्ही ऐकलेत’ अशी मांडतो. वाक्याला कर्ते दोन. ऐकणे हीही एक क्रिया आहे आणि ती घडली नाही तर सांगणेही पूर्ण झाले नाही, असे त्या रचनेत गृहीत आहे. व्याकरणावरून एखाद्या समाजाचे संपूर्ण तत्त्वज्ञान काढण्याच्या मी विरुद्ध आहे. भाषाविज्ञानाने त्याबाबत आपल्याला पुरेसे सावध केले आहे. परंतु मेळघाटातील माझ्या अर्ध्या तासाचे वर्णन करायला मला यापेक्षा नेमके वाक्य सापडत नाही. मी बोलले होते. दुसरे क्रियापद घडलेच नव्हते.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, हक्क तर सार्वत्रिक आहेत, मग भाषेचे एवढे अवडंबर कशाला? शिवाय, भाषा येईपर्यंत थांबायचे तर कोणी कोठे जाणारच नाही. आक्षेप रास्त आहे. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०११ मध्ये मानवी हक्क शिक्षणाविषयी जो स्वतंत्र जाहीरनामा स्वीकारला त्याच्या आधारे मी उत्तर देते. हक्कांविषयीचे ज्ञान, हक्कांचा मान राखणारी शिकवण्याची रीत आणि हक्क बजावण्याचे बळ, अशी या शिक्षणाची तीन अंगे त्यात सांगितली आहेत. आणि ते शिक्षण शिकणाऱ्याला साजेशा भाषेत व पद्धतीने व्हावे, असेही म्हटले आहे. यांतील मधले अंग महत्त्वाचे आहे. तुमच्या भाषेला प्रतिष्ठा आहे, असे स्पॅनिशमध्ये किंवा इंग्रजीत सांगणाऱ्याची कृती त्याच्या शब्दांना खोडून काढते. हक्क सार्वत्रिक आहेत म्हणूनच ते प्रत्येक भाषेत सांगता आले पाहिजेत. कोणी प्रवीण होईपर्यंत थांबावे, असे माझे म्हणणे नाही. दुभाष्याच्या मदतीने प्रामाणिक काम होऊ शकते. त्या दुभाष्याचे नाव घ्यावे, त्याला मोबदला द्यावा आणि त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते हे मान्य करावे. माझी अपेक्षा एवढीच, की जेथे आपण चाललो आहोत तेथल्या भाषेचे नाव तरी निघण्यापूर्वी माहीत असावे.

आपल्या परंपरेतही याचा दाखला आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे मराठीतील ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हक्कशिक्षणाचा नव्हे, हे विसरू नये. पण या दोन सनांमधील अंतर मोजा. याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले. परक्या भूमीत पाय ठेवणाऱ्यासमोर या दोन्ही वाटा तेव्हाही होत्या, आजही आहेत.

त्या विद्यार्थिनीला मी अखेर काय लिहिले, ते आता सांगते. शिफारसपत्र दिले; त्यात तिची भाषा शिकण्याची क्षमता असाधारण आहे असे लिहिले, आणि ते खरे आहे. सोबत तिला स्वतंत्र पत्र पाठवले. त्यात चार प्रश्न होते. तुम्हांला कोणी बोलावले आहे, गावाने की गावाच्या वतीने दुसऱ्या कोणी? तुमचे बोलणे त्यांच्या भाषेत कोण नेणार आणि त्यांचे तुमच्यापर्यंत कोण आणणार? दोन आठवड्यांच्या या भेटीला ‘शिकवणे’ म्हणण्याऐवजी ‘अभ्यासभेट’ म्हणायला तुमच्या गटाची तयारी आहे का? आणि परतल्यावर तुम्ही कॅनडात काय करणार?

यांतील शेवटचा प्रश्न तिला सर्वांत अवघड गेला. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातील काही मोठ्या खाणी कॅनेडियन कंपन्यांच्या मालकीच्या राहिल्या आहेत. सिपाकापा या माया नगरपालिकेच्या क्षेत्रातील गावांनी १८ जून २००५ रोजी स्वतः सभा घेऊन खाणकामाविरुद्ध कौल दिला होता. आदिवासी समाजांशी विचारविनिमय बंधनकारक करणारा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १६९ क्रमांकाचा करार त्यांना आधाराला होता. आपले हक्क त्या गावांना माहीत होते. त्या हक्कांचा धडा कोणाला हवा असेलच, तर तो कदाचित टोरोंटोत भागधारकांच्या सभेला बसणाऱ्यांना हवा होता. आणि तेथील भाषा माझ्या विद्यार्थिनीला उत्तम येते.

तिला माझे पत्र आवडले नाही. “मॅडम, तुम्ही मला नाउमेद केलंत,” असे तिने फोनवर स्पष्ट सांगितले. तिचा गट ठरल्याप्रमाणे गेला. ती त्या वेळी गेली नाही. आता ती संध्याकाळी स्पॅनिशच्या वर्गाला जाते, आणि त्या खेड्यांतील भाषा माम आहे एवढे तिने शोधून काढले आहे. मी तिला थांबवून चूक केली का, हा विचार मला अधूनमधून सतावतो. तिच्या वयात मी मेळघाटात गेले असते आणि मला कोणी असे पत्र पाठवले असते, तर मीही रागावले असते.

तुमच्यापैकी फार थोड्यांना ग्वाटेमालाला जाण्याचा योग येईल. परंतु सेवा योजनेच्या शिबिराला, क्षेत्रपाहणीला, पुढे शिक्षक किंवा ग्रामसेवक म्हणून तुम्ही अशा गावी नक्की जाल, जेथे घरात कोरकू, गोंडी, भिली किंवा पावरी बोलली जाते. निघण्यापूर्वी त्या भाषेचे नाव शोधा, निदान अभिवादनाचा शब्द शिका. तेथे पोहोचल्यावर, हक्काचे काही मागायचे असेल तर तुमच्याकडे कसे बोलतात, हे एखाद्या वयस्क स्त्रीला विचारा. ती जे सांगेल ते वहीत तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि वाचून दाखवून बरोबर आहे का, असे तिला विचारा. तुमचे व्याख्यान त्यानंतरही देता येईल.